उंदराला ओकता येत नाही

दिगू,

तुझ्या तेराव्याला जो येईल तो एकच सांगत होता. फार शांत माणूस. कधी आवाज चढवला नाही, कधी स्वतःचं दुखणं कुणाला सांगितलं नाही. तुझ्या कंपनीतले दोघं हैदराबादहून गाडीनं परतूरला आले होते, त्यांनी मांडवात उभं राहून तसं भाषणच केलं. बाया माना हलवत होत्या. मीही मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं वहिनी दुःखात आहे. मी रागात होते. अजून आहे. जरा थंड झालं की लिहू म्हणून थांबून बघितलं, मग वाटलं थंड कशाला व्हायचं? थंड झाल्यावर मीही त्या दोघांसारखंच काहीतरी गोड लिहीन.

शांत माणूस म्हणे. तुझ्या छातीत दुखत होतं. जिना चढताना मध्येच थांबायचास आणि सुषमाला सांगायचास, बुटाची नाडी सुटली. तुझी बायको, इतक्या वर्षांची, ती बिचारी वर दारात किल्ली घेऊन उभी राहायची. ती मला म्हणाली, "अक्का, त्या दिवशी त्यांच्या पायात चपला होत्या. तरी म्हणले नाडी सुटली, अन् मी हं म्हणले." हे सांगताना तिचं तोंड कसं झालं होतं ते तू बघायला पाहिजे होतंस. जन्मभर औषधं शोधलीस. आणि स्वतःच्या छातीला काय सांगितलंस, तर नाडी.

मी धावड्याहून लग्न होऊन परतूरला आले तेव्हा तू पाचवीत होतास. सासूबाई आधीच गेलेल्या. घर म्हणजे तुझे दादा, बाजारातलं त्यांचं कटिंगचं दुकान आणि तू. पहिल्या दिवशी तू माझ्याशी जे बोललास ते एवढंच, "वैनी, मला वांगं आवडत न्हाई." मी म्हणाले, "मंग काय आवडतं?" तर तू विचारात पडलास. तुला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन सांगितलंस, "शेंगदाण्याची चटणी, पण लसूण जास्ती." रात्रभर विचार करून आणलेलं उत्तर ते. मी लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगायचे, आमच्या दिगूला बोलायला मी शिकवलं. कच्चंच शिकवलं म्हणायचं.

आणि तू मला काय दिलंस तेही सांगते, रागात असले तरी खोटं बोलायची नाही. माझी शाळा चौथीतून सुटलेली. दुकानातले शिळे पेपर घरी यायचे, ते मी चुलीपाशी बसून अक्षर अक्षर लावत वाचायचे. तुझे दादा हसायचे. तू हसला नाहीस. दहावीला असताना तू रसायनाचा धडा मोठ्यानं वाचायचास, आणि मध्येच थांबून म्हणायचास, "वैनी, कळलं का?" मी म्हणायचे न्हाई. मग तू परत सांगायचास. तुझी परीक्षा अशी झाली आणि माझीही. औरंगाबादला शिकायला गेलास तेव्हा माझ्यासाठी पुस्तकांचे गठ्ठे आणायचास. आज हे लिहितेय ते त्याच्या जोरावर.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुला मी माझ्यासोबत धावड्याला न्यायचे. तिथं माझे वडील, आबा. तेही न्हाव्याचंच काम करायचे, आणि जुन्या पद्धतीप्रमाणे गळू फोडणं, काविळीचं औषध देणं हेही त्यांच्याकडंच. सकाळी पिवळ्या डोळ्यांची माणसं अंगणात बसलेली असायची. आबा मुळी उगाळायचे, आणि रोग्याला द्यायच्या आधी त्याच्यासमोर स्वतःच्या जिभेवर ठेवायचे. मग थोडं थांबायचे, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचे, आणि मग द्यायचे. त्यांच्या बापाचा नेम होता तो. जे आपण चाखलं नाही ते दुसऱ्याला चारायचं नाही. तू एकदा त्यांना विचारलंस, "आबा, तुम्हाला तर कावीळ झालेली न्हाई. मंग औषध लागू पडलं हे तुम्हाला कसं कळंल?" आबा हसले. म्हणाले, "लागू पडलं ते मला न्हाई कळत, पोरा. मराया लागलो तर कळंल."

तुला ते इतकं आवडलं होतं की परतूरला येईपर्यंत एसटीत तू तेच म्हणत होतास.

पुढं तू हैदराबादला नोकरीला लागलास, सुषमाशी लग्न झालं, आणि वर्षातून दोनदा यायला लागलास. तुझं काम काय ते मी दर वेळी विचारायचे. एका दिवाळीला तू मला ओट्यावर बसवून नीट सांगितलंस. मेंदूत पेशी असतात. पेशीच्या अंगावर बारीक बारीक जागा असतात, त्यांना तू रिसेप्टर म्हणायचास. मी म्हणाले, "मला समजंल असं सांग." तू उठलास आणि आपल्या दाराची कडी वाजवलीस. म्हणालास, "ही कडी, असं समज. बाहेरून कुणी वाजवली की आतलं माणूस उठतं, कामाला लागतं. अंगातच एक रस असतो, त्याचं कामच हे, जाऊन कडी वाजवायची. काही लोकांच्या मेंदूत तो रस बनवणाऱ्या पेशी मरून जातात. मंग कडी वाजवायला कुणी राहत न्हाई. हात हलवायचा म्हणलं तरी हलत न्हाई, थांबवायचा म्हणलं तरी थांबत न्हाई."

"मंग तू काय करून राह्यलास?"

"मी एक कण बनवतोय. एवढा बारीक की रक्तातून मेंदूत शिरावा, अन् त्याच कडीला हात घालावा."

"अन् भलत्याच कडीला घातला तर?"

"तर भलतंच माणूस उठून बाहेर येईल," म्हणालास आणि हसलास. तेवढ्यात कडीच्या आवाजानं दादा खरंच आतून बाहेर आले. "कोन हाय रे?" तू म्हणालास, "कुणी न्हाई दादा, वैनीची शिकवणी चालू हाय."

त्याच दिवाळीला तू दादांकडून दाढी करून घेतलीस. नेहमीचंच तुझं. हैदराबादेत वाटेल तेवढी दुकानं असू देत, दिवाळीची दाढी दादाच्या हातची. तू आरशात बघत होतास. मी चहा घेऊन आले तेव्हा तू दादांना म्हणालास, "चालताना तुमचा उजवा हात का हलत न्हाई, दादा?" दादा म्हणाले, "वय झालं." चहा पिऊन उठलास.

तुला त्या आरशात दिसलं होतं, दिगू. आम्हाला पुढच्या वर्षी कळलं.

कळलं ते असं. लगीनसराई होती आणि एका नवरदेवाची दाढी करायला दादांना बोलावलं होतं. मांडवात पाटावर नवरदेव, भोवती करवल्या, वाजंत्री. दादांचा हात थरथरला आणि वस्तरा नवरदेवाच्या कानाच्या पाळीला लागला. थोडंच रक्त, पण हळदीच्या अंगावर. नवरदेवाची आत्या जी बोलायला लागली ती थांबेना. "सकाळीच घेऊन आला का रे?" दादांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. ते वस्तऱ्याचा डबा उचलून घरी आले आणि भिंतीकडं तोंड करून बसले. मंठ्यापर्यंत बातमी गेली. त्यानंतर दुकानात पेपर वाचायला माणसं यायची, दाढीला कुणी बसेना. वस्तऱ्यापुढं गळा द्यायचा म्हणजे विश्वास लागतो. लोकांचाही दोष नाही. पण दादांना दुकानातल्या रिकाम्या खुर्चीत स्वतःच बसलेलं बघणं, ते माझ्या नशिबात आलं.

जालन्याच्या डॉक्टरनं कंपवात सांगितला आणि गोळी सुरू केली. गोळी घेतली की दोन-तीन तास माणूस मोकळा, मग परत तेच. तू फोनवर समजावून सांगितलंस. म्हणालास, ही गोळी म्हणजे पीठ आहे वैनी, भाकरी मेंदूला थापावी लागते, आणि थापणाऱ्या पेशीच कमी होत चालल्यात. आमचा कण म्हणजे थापलेली भाकरी. तो सरळ जाऊन कडी वाजवतो.

हे मला कुणी सांगितलं? तूच सांगितलंस. आशा कुणी लावली? तूच लावलीस.

आणि मग तू न कळवता सकाळच्या गाडीनं आलास, हातात पेढ्यांचा डबा. दारातच म्हणालास, "उंदीर फिरला, वैनी." मला वाटलं प्रवासानं डोकं फिरलं. मग बसून सांगितलंस. उंदराच्या मेंदूची एक बाजू आधी निकामी करून ठेवतात. कणानं कडी बराबर वाजवली तर उंदीर एकाच बाजूला गोल गोल फिरायला लागतो. तुझा उंदीर दुपारभर फिरत होता, आणि तू त्याच्यासमोर जेवायचं विसरून बसला होतास.

"घाण्याच्या बैलावानी?" दादांनी विचारलं.

"बिलकुल तसाच, दादा."

दादा त्या दिवशी किती हसले. मी गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या सुंदराबाईनं विचारलं, कशाचे? मी म्हणाले, "उंदीर फिरला." तिनं पेढा हातात धरून विचारलं, "कोणाचा?" तू खिडकीतून ऐकत होतास आणि तोंडावर रुमाल दाबून हसत होतास. इतका बोलका तू मला नंतर कधी दिसला नाहीस.

वर्षभरानं तू आलास तेव्हा म्हणालास, काम बंद झालं. पुढचा खर्च परवडत नाही म्हणून साहेबांनी दुसऱ्या रोगाच्या औषधाला माणसं लावली. कुत्र्यांवर बघायचं राहिलं, माणसावर तर दूरच. मी विचारलं, "तो कण कुठं हाय?" तू म्हणालास, "आहे, बाटलीत, कपाटात." मी म्हणाले, "मंग आणून दे."

तिथून भांडण सुरू झालं. संक्रांतीचे दिवस होते, तिळाचे लाडू ताटात तसेच राहिले. तू म्हणालास, असं देता येत नाही. मी म्हणाले, उंदराला देता येतं. तू म्हणालास, उंदीर आणि माणूस एक नव्हे. मी म्हणाले, तेव्हा पेढे कशाचे वाटले मग? तू म्हणालास, "वैनी, किती द्यायचं तेसुद्धा माहीत न्हाई मला." आणि मी म्हणाले, आजही शब्द बदलणार नाही, "माझा आबा चौथी शिकलेला न्हवता. पण दुसऱ्याला द्यायच्या आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायचा. तुम्ही शिकलेली माणसं नुसती उंदरं मारता."

तू ताटातला लाडू उचललास आणि परत ठेवलास. मला वाटलं हरलास.

दादा आत पडून सगळं ऐकत होते. त्यांनी हाक मारून सांगितलं, "सोड गं त्याला." मी सोडलं नाही. माझ्या नवऱ्याचा हात होता तो. त्या हातावर आम्ही जेवलो, तू शिकलास. मागितलं म्हणून काही चुकलं, असं मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही.

त्या उन्हाळ्यात मी बहिणीच्या मुलीच्या लग्नाला मंठ्याला गेल्ते. परत आले तर तू घरात. सुषमाला न घेता एकटाच आल्तास. खाटेवर पडलेला, डोळे आत गेलेले, ओठ पांढरे. दादा उशाशी बसलेले. मी विचारलं काय झालं, तू म्हणालास, "स्टेशनावर काहीतरी खाल्लं, पोट बिघडलं." मी संक्रांतीचा राग मनात धरूनच मऊ भात केला, ताक केलं, ताट जरा आपटूनच ठेवलं. तू गुमान खाल्लंस. दुसऱ्या दिवशी निघताना उंबऱ्यात उभा राहून म्हणालास, "ते औषध विसरून जा, वैनी. दादाला द्यायचं न्हाई ते." मी म्हणाले, का? तर तू काय सांगितलंस? म्हणालास, "उंदराला ओकता येत नाही."

एवढंच. काय समजायचं होतं मी त्यातून? मला वाटलं पुस्तकातलं काहीतरी तोंडावर फेकून निघालास. मी म्हणाले, "जा. भावापेक्षा साहेब मोठा झाला तुला." तू पायात चपला घातल्यास आणि गेलास.

त्यानंतर मी तुझ्याशी बोललेच नाही म्हणायला हरकत नाही. चहा घे, जेवायला बस, सुषमा कशी आहे, इतकंच. तू यायचास, दादांपाशी बसायचास, मी स्वयंपाकघरात भांडी घासत राहायचे. नंतर काही वर्षांनी तसल्याच जातीची गोळी दुसऱ्या कुणीतरी बनवलेली बाजारात आली. डॉक्टरनं दादांना आधी ओकारी थांबवायची गोळी दिली, मग ही दुसरी अगदी तुकडा तुकडा करून वाढवली. तू दर आठवड्याला फोन करून विचारायचास, चक्कर येते का, भिंतीवर काही दिसतं का, आता किती घेतात. मी फोन दादांच्या हातात द्यायचे. दादांना त्या गोळीनं बरं वाटलं, बटण लावता यायला लागलं. आणि माझा राग आणखी वाढला. मला वाटलं, बघा, ह्याच जातीची होती. हे आधीच झालं असतं. मधली वर्षं ह्या माणसानं आमची फुकट घालवली.

मी हे मनात धरून बसले आणि तू मेलास.

तेराव्याची माणसं गेली, मांडव उतरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादांची दाढी करायला बसले. आताशा मीच करते. पहिल्यांदा घाबरायचे, आता हात बसला. तोंडाला फेस लावला, वस्तरा हनुवटीखाली धरला, आणि ते त्यांच्या आताच्या बारीक आवाजात म्हणाले, "दिगूनं खाऊन बघितली होती."

"काय?"

"त्या बाटलीतली पावडर. तू मंठ्याला गेल्ती तेव्हा."

वस्तरा हातात होता म्हणून आधी दाढी संपवली. पाणी, पुसणं, सगळं पुरं केलं. मग त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, सांगा. सांगायला त्यांना अर्धी सकाळ लागली. शब्द अडकतात आता.

तू बाटली शर्टाच्या खिशात घालून आणली होतीस. कुणाला न विचारता, नोकरी पणाला लावून. दादांसमोर बसलास, आणि आबा बसायचे तसा, पावडर नखावर घेतलीस आणि जिभेवर ठेवलीस. दादा म्हणाले, "मी म्हणलं, हे काय रे? तर म्हणला, तुम्हाला द्यायची तर आधी मी." मग तुम्ही दोघं गप्पा मारत बसलात. आणि मग तुला ओकारी लागली ती थांबेचना. उठायला गेलास आणि मोरीपाशी कोसळलास. डोळ्यापुढं अंधार, मग म्हणे भिंतीवर मुंग्याच मुंग्या दिसायला लागल्या, आणि तू त्या हातानं झाडत होतास. दादा तुला उचलू शकले नाहीत. ते तुझ्याजवळ जमिनीवर बसले आणि तुझं कपाळ धरून ठेवलं. ते म्हणाले, "माझा हात थरथरून राह्यला होता, त्यानं त्याचं डोकंबी हलत होतं. तशातबी तो हसला." दुसरी रात्र तशीच गेली. मग उतरलं.

उंदराला ओकता येत नाही. आता कळलं मला. त्याच्या पोटात कालवलं तरी त्याला ते बाहेर काढताच येत नाही, म्हणून तुमच्या उंदरांनी कधी सांगितलंच नाही. ते तुझ्या पोटानं सांगितलं. एवढं वाक्य पुरं करायला तुला काय झालं होतं, दिगू? उंबऱ्यात उभा होतास तेव्हा पुढचं वाक्य म्हणायचं होतंस. "मी खाऊन बघितलं." तीनच शब्द होते.

मी दादांना विचारलं, तुम्ही तरी का लपवलं? ते म्हणाले, "त्यानं शपथ घातली. म्हणला, वैनीला वाटंल तिच्या बोलण्यानं झालं." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "अन् म्हणला, तिला कळलं मी मेलो न्हाई, तर ती तुम्हाला थोडी थोडी देऊन बघंल."

दिली असती. तुझा अंदाज बिलकुल बराबर होता. मी म्हणाले असते, तू जगलास ना, मग दे कणभर. तू नाही म्हणाला असतास, मी रडले असते, आदळआपट केली असती, सुषमाला फोन लावला असता. तुम्ही दोघा भावांनी मिळून मला अडवलं असतं आणि मी शेवटी अडले असते. कारण खाटेवरचे तुझे डोळे मी बघितले होते. ते कशानं झाले हे माहीत असतं, तर ती पावडर मी ह्यांच्या जिभेवर ठेवली असती का? एवढीच ओळखलीस मला? भांडण झालं असतं आणि मिटलं असतं. घरातली भांडणं त्यासाठीच असतात. तू मला भांडूच दिलं नाहीस. माझ्या मनाला लागू नये म्हणून तू मला रागात ठेवलंस. हा कुठला न्याय? मी आपली भांडी घासत बसले, आणि तू पलीकडच्या खोलीत, हाकेच्या अंतरावर.

आणि दुसरं. तूच म्हणायचास ना, एका माणसाला काय झालं त्यावरून काही कळत नाही, पुष्कळ माणसांवर, हळूहळू, मोजून मापून बघावं लागतं. आबांच्या औषधावर तू मोठा झाल्यावर हेच म्हणाला होतास. मग तुला हे माहीत असून तू का खाल्लंस? त्यातून दादांबद्दल काय कळणार होतं? तुझ्या मेंदूतला रस तर जागच्या जागी होता, तुझी कडी वाजतच होती, त्यावर आणखी वाजवून तू काय बघत होतास? शिकलेल्या माणसानं करायचं काम नव्हतं ते. धावड्याच्या अंगणात बसलेल्या पोराचं होतं. मी आणून दे म्हणाले होते. खा म्हणाले नव्हते. टोमणा म्हणजे हुकूम नसतो, हे तुला मी शिकवायचं राहिलं का?

त्या नखभर पावडरीनं तुझ्या छातीला काही केलं असं मी म्हणत नाही. इतक्या वर्षांनी तसं काही नसतं, एवढं मलाही समजतं. पण शंका येते, पोळ्या लाटताना येते, आणि ती विचारायची कुणाला? ज्याला विचारायची तो नाडी बांधत बसला.

दादांवरही रागावले आहे, तू एकटा समजू नकोस. मी त्यांना सांगून टाकलं, ह्यापुढं ह्या घरात कुणी कुणाला शपथ घालायची नाही. दुखलं तर दुखलं म्हणायचं. ते हसायला बघत होते, त्यांचं तोंड आता पुरतं हसत नाही, एका बाजूनं हसले. मग म्हणाले, "मान दुखती." मी म्हणाले, केव्हापासून? म्हणाले, "दसऱ्यापासून." मी कपाळावर हात मारला आणि तेल गरम करायला उठले.

सुषमा परत हैदराबादला गेली. मी रोज संध्याकाळी तिला फोन करते. पहिल्या दिवशी मी विचारलं, कशी आहेस? ती म्हणाली, "ठीक हाय, अक्का." दुसऱ्या दिवशी, ठीक हाय. तिसऱ्या दिवशीही तेच म्हणाली आणि मला तुझाच आवाज ऐकल्यासारखं झालं. मी तिला म्हणाले, "हे बघ, ठीक म्हणशील तर मी फोन ठेवीन. मला खोटं ऐकायचं न्हाई. खरं काय ते बोल, शिव्या दे पाहिजे तर." मग तिला मी पावडरीचं सगळं सांगितलं. तिलाही तू सांगितलेलं नव्हतंस. त्या वेळी कंपनीच्या कामाला विजयवाड्याला जातो म्हणून सांगून निघाला होतास.

मग ती बोलायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं, मग इतक्या मोठ्यानं की दादांनी खाटेवरून मान वळवून बघितलं. तुमच्या लग्नापासूनचं बोलली. रडली, मध्ये एकदा हसलीसुद्धा. तुझ्याबद्दल तिनं काय काय सांगितलं ते ऐकून माझ्या डोळ्याला पाणी आलं, आणि एका गोष्टीला तर मी पदर तोंडात धरून हसले.

ती कोणती गोष्ट, ते मी तुला सांगणार नाही. न सांगितल्यावर माणसाला कसं होतं, ते आता तू बघ.